रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल नाही : वंध्यत्व-तज्ज्ञांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे प्रयोगशाळेत स्त्रीबीज, शुक्राणू आणि गर्भ हाताळणारी. ऑपरेशन थिएटरमध्ये स्त्रीबीजं काढून तुम्ही आमच्या हवाली केलीत की पुढचं काम आमचं. पेशंटशी आमची गाठ क्वचितच पडते, ओळख असते ती त्यांच्या पेशींशी. तेव्हा हे पत्र सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूने लिहिते आहे, आणि विषय एकच आहे. 'पुरुष घटक नॉर्मल' किंवा 'कारण अज्ञात' असा शेरा मारून ज्यांची फाइल आपण पुढे सरकवतो, त्या पुरुषांच्या जनुकांकडे आपण बघणार तरी कधी?

आधी हे 'नॉर्मल' म्हणजे काय ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य-तपासणी पुस्तिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यातले आकडे तुम्हाला पाठ आहेत : मिलिलीटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल असलेले ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, धड आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेऊन, त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढून हे आकडे काढलेले आहेत. या रेघेवरून अमुक पुरुषाला मूल होईल की नाही ते ठरत नाही, असं ती पुस्तिकाच बजावते. तरी रिपोर्टवर 'नॉर्मोझूस्पर्मिया', म्हणजे 'शुक्राणू नॉर्मल', उमटलं की पुरुषाची तपासणी संपते आणि बायकोची सुरू होते. बहुतेकदा तिची आधीच सुरू झालेली असते, ते वेगळंच.

आम्ही प्रत्यक्षात काय करतो? थेंबभर वीर्य मोजणीच्या काचेवर घेतो, किमान दोनशे शुक्राणू मोजतो, जोरात पुढे जाणारे, संथ जाणारे, जागच्या जागी वळवळणारे आणि निपचित पडलेले असे वेगळे काढतो. मग रंगवलेल्या काचेवर डोकी-शेपट्या बघतो. म्हणजे शुक्राणू किती, पोहतात कसे आणि दिसतात कसे, एवढंच. स्त्रीबीजापाशी पोचल्यावर त्यांना जे करायचं असतं त्यातलं काहीही या तपासणीत येत नाही. गर्दीतली डोकी मोजून त्यातल्या किती जणांना कुलूप उघडता येतं हे सांगावं, तसा हा प्रकार आहे.

ते 'जे करायचं असतं' ते आम्हाला दिसतं आयव्हीएफच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. स्त्रीबीजं आणि शुक्राणू एका डिशमध्ये सोडून सोळा ते अठरा तास झालेले असतात. बारीक पिपेटने स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी हलक्या हाताने सोडवून काढायच्या, ते थोडं फिरवायचं आणि आत दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात का ते बघायचं : एक तिचं, एक त्याचं. ती दिसली की फलन झालं. कधी कधी मात्र पहिल्या बीजात ती नसतात, दुसऱ्यात नसतात, सगळी डिश संपते तरी एकाही बीजात सापडत नाहीत. आणि त्याच वेळी बीजाच्या पारदर्शक कवचावर शुक्राणू चिकटलेले दिसतात, काहींच्या शेपट्या अजून वळवळत असतात. पोचलेत सगळे, आत शिरलेला एकही नाही. कालच्या रिपोर्टमध्ये हाच नमुना उत्तम म्हणून नोंदवलेला असतो.

यानंतर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. 'पुढच्या वेळी इक्सी करू.' इक्सी होते, सुईने शुक्राणू आत सोडला जातो, फलन होतं, नशीब असेल तर गर्भही राहतो. सगळे खूश. आदल्या वेळी शुक्राणू कवचाबाहेर का अडकले होते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या सकाळी निदान आपल्या हातात आलेलं असतं आणि आपण ते डिशबरोबर कचऱ्यात टाकतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण 'रिपोर्ट नॉर्मल' असलेल्या पुरुषांच्या बाबतीत याहून ठोस काही अजून हाती आलेलं नाही. शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाची कॅल्शियमची वाहिनी असते. ती २००१ मध्ये सापडली. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. त्याने ही वाहिनी उघडते, कॅल्शियम आत येतं आणि शेपटीची चाल बदलते. एरवी एका लयीत सळसळणारी शेपटी चाबकासारखे मोठे, वेडेवाकडे फटके मारू लागते. कवच फोडायला हाच जोर लागतो. वाहिनी बिघडलेली असेल तर शुक्राणू काचेवर झकास पोहतो, संख्येत कमी नसतो, आकारात खोट नसते. फक्त तो जोर त्याच्याकडे कधीच येत नाही.

वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या जवळजवळ २,३०० पुरुषांचे शुक्राणू जर्मनीतल्या संशोधकांनी या एका गोष्टीसाठी तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल पण कॅटस्पर निकामी, असे पुरुष त्यांना सापडले. कारण कॅटस्परच्या जनुकांतल्या बदलांत होतं. या जोडप्यांना नैसर्गिकरीत्या दिवस गेले नव्हते, आययूआयने (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून) गेले नव्हते, साध्या आयव्हीएफनेही नाही. शेवटी इक्सीच लागली. 'कारण अज्ञात' म्हटल्या जाणाऱ्या पुरुष-वंध्यत्वाचं आजवर माहीत झालेलं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच, असं त्यांनी म्हटलं आहे. एकूण पुरुषांत हे प्रमाण थोडंच आहे, पण ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला कितीही आययूआय केल्या तरी एकही लागू पडणार नाही. आणि हे शोधायला त्यांनी वापरलेली चाचणी शुक्राणूंच्या हालचालीवर आधारलेली, साधी आहे. तिला जनुकांची यंत्रं लागत नाहीत. जनुकांची तपासणी तिच्यानंतर येते, नेमकं कुठे बिघडलं ते सांगायला.

याला जोडून एक प्रश्न आहे, जो मी एकाही केस-पेपरवर छापलेला पाहिलेला नाही : 'घरात कोणाला कमी ऐकू येतं का?' कॅटस्पर-२ हे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर ऐकण्याशी संबंधित स्टेरिओसिलिन या जनुकाच्या अगदी जवळ बसलेलं आहे. जनुकाच्या दोन्ही प्रतींमधून (एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून) हा पट्टा गळून गेला तर पुरुषाला बहिरेपणही येतं आणि वंध्यत्वही. त्याच्या बहिणीत तोच पट्टा गळालेला असला तर तिला फक्त ऐकू कमी येतं, मुलं होतात. बहिणीच्या कानातलं यंत्र भावाच्या फाइलमधलं उत्तर असू शकतं. पण विचारणार कोण? पाळीची तारीख विचारायला आपल्याकडे चार रकाने असतात. पुरुषाच्या घराण्याबद्दल एकही नसतो.

आता उलटी बाजू. इक्सी केली, शुक्राणू आत सोडला, तरी सकाळी केंद्रकं नाहीत. शुक्राणू आत गेल्यावर बीजाला जागं करणारं प्रथिन, पीएलसी-झीटा, २००२ मध्ये ओळखलं गेलं. त्याच्यामुळे बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि पुढची प्रक्रिया सुरू होते. त्याच्या जनुकात बिघाड असेल तर बीज झोपलेलंच राहतं. अशा वेळी कॅल्शियम आयनोफोर (बीजात कॅल्शियम वाढवणारं रसायन) वापरून बीज कृत्रिमरीत्या जागं करता येतं, आणि त्याचा उपयोग झालेला आहे. हे माहीत नसलं की काय म्हटलं जातं तेही मी ऐकलेलं आहे : 'बीजांची क्वालिटी बरोबर नव्हती.' बीजं तिची, म्हणून दोष तिचा.

आकार बघून कळणारे दोन प्रकार तर आम्ही रिपोर्टमध्ये अक्षरशः लिहून देतो. सगळ्या शुक्राणूंची डोकी गोल, टोपीच नाही, अशा वेळी डीपीवाय-१९-एल-२ हे जनुक गळालेलं असण्याची शक्यता दाट असते. इथेही इक्सीसोबत बहुतेकदा बीज जागं करावं लागतं. दुसऱ्यात डोकी अवाढव्य आणि शेपट्या अनेक. इथे ऑरोरा कायनेज-सी या जनुकाचा बदल दोन्ही प्रतींत निघाला, तर जवळपास प्रत्येक शुक्राणूत गुणसूत्रांचे चार-चार संच कोंबलेले असतात. अशा पुरुषाची इक्सी करूच नये. तरी ती होते. एक तपासणी आधी झाली असती तर एका बाईची दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल आणि बीजं काढण्याची सुई हे सगळं वाचलं असतं.

शुक्राणू फारच कमी किंवा शून्य असलेल्या पुरुषांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्या तपासण्या तुम्हाला माहीत आहेत. माझी तक्रार फक्त क्रमाबद्दल आहे. वाय गुणसूत्राच्या लांब हाताचा तुकडा गेला तर शुक्राणू बनत नाहीत, हे १९७६ पासून माहीत आहे. एझेडएफ ए, बी, सी असे तीन पट्टे १९९६ मध्ये निश्चित झाले. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणात कितीही शोधलं तरी शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते, सी गेला असेल तर ती चांगली असते. इतकं स्पष्ट उत्तर देणारा रिपोर्ट शस्त्रक्रियेनंतर हातात येऊन काय फायदा? मी रिकाम्या नळ्या तासन् तास बघत बसलेली आहे आणि आठवड्याने तो रिपोर्ट फाइलला लागलेला आहे. क्लाइनफेल्टर सिंड्रोमचं, म्हणजे पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असण्याचंही तसंच. १९४२ मध्ये वर्णन झालं, जादा एक्स गुणसूत्र १९५९ मध्ये दिसलं, साधारण सहाशेत एक मुलगा ते घेऊन जन्मतो, आणि त्यातल्या बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्यातल्या अनेकांना ते पहिल्यांदा आपल्याच दारात कळतं. वीर्य कमी, आम्लधर्मी, आणि तपासताना दोन्ही वीर्यवाहिन्या हाताला लागत नाहीत, अशा पुरुषाची सीएफटीआर या जनुकाची (यातल्या बिघाडाने सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो) तपासणी तुम्ही करता, हे चांगलंच आहे. पण जोडीदाराचीही करा, उपचारांची सायकल सुरू होण्याआधी. दोघांकडे एकेक बदल असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस होण्याचा धोका असतो.

आणि संख्या पुरेशी असली म्हणून गुणसूत्रं ठीकच असतील असंही नाही. दोन गुणसूत्रांनी आपापसात तुकड्यांची अदलाबदल केलेली, पण एकूण हिशोब बरोबर असलेला पुरुष अगदी नॉर्मल रिपोर्ट घेऊन येतो. त्याच्या बायकोचे गर्भ मात्र पुन्हा पुन्हा पडतात.

'हे आनुवंशिक कसं असेल? माझ्या वडिलांना तर पाच मुलं झाली.' हा प्रश्न पुरुष विचारतात आणि तो चुकीचा अजिबात नाही. वंध्यत्व वारशाने कसं येईल, हे कोड्यासारखंच वाटतं. तुम्ही त्यांना बसवून हे समजावून सांगायला हवं, कारण इथेच ते तपासणीला नाही म्हणतात. बरेच बदल असे असतात की आईकडून एक आणि वडिलांकडून एक आल्याशिवाय परिणाम दिसत नाही. आईवडील दोघेही एकेक प्रत बाळगून सुखरूप असतात. काही बदल एक्स गुणसूत्रावर असतात. टेक्स-११ या जनुकातला बिघाड २०१५ मध्ये शुक्राणू नसलेल्या पुरुषांत सापडला. तो आईकडून येतो आणि तिच्या प्रजननावर त्याचा काही परिणाम नसतो. वाय गुणसूत्रावर लांबच लांब पट्टे आरशातल्या प्रतिमेसारखे पुन्हा पुन्हा आलेले आहेत. वडिलांच्या शुक्राणूत ते एकमेकांत गुंतून मधला भाग निसटला की मुलगा तो भाग गमावूनच जन्मतो, वडील मात्र ठणठणीत. आणि काही बदल आईवडिलांपैकी कोणातच नसतात. १८५ वंध्य पुरुष आणि त्यांचे आईवडील अशा त्रिकुटांची जनुकं तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे नव्याने उपजलेले बदल सापडले, आणि त्यातले काही वंध्यत्वाला कारण असावेत असं दिसलं. म्हणजे पाच भावंडांत एकालाच मूल नसणं हे जनुकीय कारणाच्या विरोधात जात नाही.

इक्सीवर माझा रोष आहे असं कृपया समजू नका. १९९२ मध्ये तिच्यातून पहिली बाळं जन्मली आणि माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय झाली. त्याआधी ज्यांना काहीच मार्ग नव्हता त्यांना मुलं मिळाली. पण तिच्यामुळे एक सवय लागली : शुक्राणू सुईत पकडता येतो ना, मग त्याला काय झालंय ते शोधायचं कशाला? याचं एक उत्तर बेल्जियममधून २०१६ मध्ये आलं. वडिलांच्या वंध्यत्वामुळे केलेल्या इक्सीतून जन्मलेली मुलं तेव्हा अठरा ते बावीस वर्षांची झाली होती. अशा ५४ तरुणांची तपासणी केली, तर त्यांच्या शुक्राणूंचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या समवयस्कांच्या जवळपास निम्मं निघालं. संख्या लहान आहे, यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एझेडएफ-सी गेलेल्या पुरुषाबाबत तर अंदाजाचाही प्रश्न नाही : त्याच्या प्रत्येक मुलग्याला तोच वाय मिळणार. हे त्याला आधी सांगितलं जातं का? सांगितलं तर बहुतेक जण तरीही इक्सीच निवडतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण निवडीआधी माहिती हवी.

दुसरं उत्तर त्या पुरुषाच्या स्वतःच्या तब्येतीचं आहे. शुक्राणूच बनत नसलेल्या काही पुरुषांच्या एक्झोम तपासणीत (सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीत) फॅन्कोनी ॲनिमियाचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं निघालं, आणि रक्ताची तक्रार तोवर सुरूही झालेली नव्हती. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. या आजारात अस्थिमज्जा निकामी होण्याचा आणि कर्करोगाचा धोका असतो. क्लाइनफेल्टरमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो. या माणसांना आपण 'दात्याचे शुक्राणू घ्या' एवढं सांगून घरी पाठवतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांचं एक्झोम करायचं का? नाही. रिपोर्ट नॉर्मल असलेल्या पुरुषांत आज जनुकं तपासली तर बहुतेकांना तरीही उत्तर मिळणार नाही, हे त्यांना पैसे भरण्याआधी सांगायला हवं. पुराव्यांची छाननी करणाऱ्या आढाव्यात २०१९ मध्ये पुरुष-वंध्यत्वाशी खात्रीने जोडता येतील अशी ७८ जनुकं होती, पुढच्या आढाव्यात ती १०४ झाली. वृषणात काम करणारी जनुकं याच्या कितीतरी पट आहेत. 'फर्टिलिटी जीन पॅनेल' म्हणून जे विकलं जातं त्यात पुराव्याने भक्कम किती आणि भरतीची किती, हे तुम्ही विचारत नसाल तर पेशंट कुठून विचारणार? अर्थ न लागलेला बदल रिपोर्टमध्ये आला की तो माणूस रात्र रात्र इंटरनेटवर शोधत बसतो. डेफबी-१२६ चंच घ्या. शुक्राणूवरच्या आवरणाचं हे जनुक. त्याच्या दोन्ही प्रतींत ठरावीक बदल असलेल्या पुरुषांचे शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून नीट जात नाहीत, आणि अशा जोडप्यांना दिवस जायला वेळ लागतो, असं २०११ मध्ये दिसलं. शोध सुंदर आहे. पण हा बदल इतका सर्रास आढळतो आणि तो असूनही इतक्या जणांना मुलं होतात, की आज कोणाच्या हातात हा रिपोर्ट देऊन आपण त्याला काय सांगणार? मी तरी ही तपासणी लिहून देणार नाही.

माझं मागणं साधं आहे. फलन का झालं नाही याची आमची नोंद वाचा. शुक्राणू कवचाला चिकटलेच नाहीत, चिकटून अडकले, की आत जाऊनही बीज जागं झालं नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची संशयित जनुकं वेगळी आहेत. डिस्चार्ज पेपरवर मात्र तिन्हींसाठी 'फर्टिलायझेशन फेल्युअर' एवढंच येतं. आमच्यातलेही काही जण तेवढंच लिहितात, त्यांनाही हे पत्र लागू आहे. फलन पूर्ण फसलं असेल तर पुढच्या सायकलची तारीख देण्याआधी जनुक-समुपदेशकाला फाइल दाखवा. पुरुषाला केबिनमध्ये बोलवा, कोणीतरी हाताने तपासा, त्याच्या मामा-काकांना मुलं आहेत का, कोणाला सतत सर्दी-खोकला किंवा सायनसचा त्रास आहे का, आईवडील एकाच घराण्यातले आहेत का, विचारा. आणि शेऱ्याच्या जागी काय काय तपासलं आणि काय तपासलं नाही ते दोन ओळींत लिहा. 'कारण अज्ञात' वाचून तो माणूस समजतो की सगळं तपासून झालं. तसं झालेलं नसतं.

शेवटचं. ज्यांची जनुकं तपासली आणि काही सापडलं नाही, त्यांच्याकडून पुन्हा संपर्क साधण्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा. दोन-तीन वर्षांनी तीच माहिती नव्या यादीशी पुन्हा ताडून बघता येते, नव्याने रक्त घ्यावं लागत नाही. बहुतेक प्रयोगशाळा विचारलं तर हे करून देतात. विचारावं मात्र तुम्हालाच लागतं, आमच्या हातात ती फाइल तेव्हा नसते.

आपली,
प्रयोगशाळेतली एक एम्ब्रियोलॉजिस्ट